कुष्ठरोगाची वीस वर्षे आणि तरुण संशोधकाचे वय

मानवी रोगप्रतिकारशास्त्रात काम करणाऱ्या तरुण संशोधकांना पुरस्कार दिले की आपल्याकडे एक आक्षेप हमखास ऐकू येतो. अमेरिकेतला मायकेलसन पुरस्कार २०१८ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या संशोधकांना दिला जातो आणि प्रत्येकाला दीड लाख डॉलर मिळतात. आक्षेप घेणारे म्हणतात, हे श्रीमंत देशांचे कौतुकसोहळे आहेत. आपले आजार गरिबीचे आहेत. सिल्व्हासाजवळच्या मसाटमध्ये एका खोलीत आठ-आठ जण राहतात, तिथे हवेशीर घर, स्वच्छ पाणी आणि वेळेवर औषध हवे. पेशींच्या बारकाव्यांत शिरणारे शास्त्र तिथे काय कामाचे? याच आक्षेपाचा दुसरा भाग असा, की गौरव करायचाच तर काम सिद्ध झाल्यावर करावा, पस्तिशीत कोणी काय सिद्ध केलेले असते? हे म्हणणारी माणसे वाईट हेतूने बोलत नाहीत, त्यातली बरीचशी सार्वजनिक आरोग्याच्या कळकळीने बोलतात. तरीही त्यांचे दोन्ही मुद्दे चूक आहेत. ते का चूक आहेत, हे बोस्टनच्या प्रयोगशाळेपेक्षा दादरा-नगर हवेलीतल्या कुष्ठरोगावरून जास्त स्पष्ट दिसते.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोगाचे ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हा त्याचा निकष. या घोषणेला दहा वर्षे उलटली तरी ज्या मोजक्या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत हा आकडा एकाच्या वर राहिला, त्यांत दादरा-नगर हवेली होते. २०११ च्या जनगणनेत जेमतेम साडेतीन लाख वस्ती असलेला, निम्म्याहून अधिक लोक वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासी समाजांचे असलेला हा छोटा प्रदेश. एका बाजूला खानवेल-मांदोनीकडचे पाडे, दुसऱ्या बाजूला मसाटसारख्या औद्योगिक वसाहती, जिथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार चाळींत राहतात. देशाचे चित्रही फारसे वेगळे नाही. २०२२ साली जगभरात कुष्ठरोगाचे १,७४,०८७ नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांतले १,०३,८१९ भारतातले होते. औषध मात्र फुकट आहे. बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, १९९५ पासून जगभर विनामूल्य मिळते. म्हणजे औषध आहे, ते मोफत आहे, घोषणाही झाली आहे, आणि तरी दरवर्षी लाखभर नवे लोक आजारी पडत आहेत. ‘आधी औषध पोहोचवा, शास्त्र नंतर’ असे म्हणणाऱ्यांनी या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

कुष्ठरोग हा जिवाणूचा आजार आहे हे खरे, पण अर्धेच. मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जिवाणू अतिशय सुस्त आहे. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. तो अंगात शिरलेल्या बहुतेक माणसांना काहीच होत नाही, त्यांचे शरीर त्याला परस्पर निस्तरते. ज्यांना आजार होतो, त्यांच्यातही तो एकसारखा नसतो. एखाद्याच्या अंगावर एक-दोन बधिर चट्टे उठतात आणि जिवाणू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्याच्या त्वचेत ते कोट्यवधींनी भरलेले असतात. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या फरकाचा जो पट मांडला, तो आजही दवाखान्यात वापरला जातो. त्या पटावर रुग्ण कुठे बसतो हे जिवाणूवरून ठरत नाही, त्या माणसाची प्रतिकारयंत्रणा जिवाणूला कसे उत्तर देते यावरून ठरते. याहून कठोर गोष्ट पुढे आहे. हातापायांची बोटे झडणे, डोळा न मिटणे, पाऊल लटके पडणे, ज्यासाठी हा आजार शतकानुशतके भयंकर मानला गेला, ते नुकसान मोठ्या प्रमाणात ‘रिअॅक्शन’मुळे होते, म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर तुटून पडते तेव्हा. ही रिअॅक्शन उपचार चालू असताना येते, आणि कित्येकदा उपचार पूर्ण झाल्यावर, नोंदवहीत ‘बरा’ असे लिहून झाल्यावरही येते. तेव्हा हाताशी असते ते प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. रिअॅक्शन कोणाला येणार हे आधी ओळखणारी भरवशाची चाचणी आरोग्य केंद्रात नाही. हा प्रश्न घराने सुटत नाही आणि पाण्यानेही सुटत नाही. घरे चांगली व्हायलाच हवीत, दाटीवाटी कमी झाली तर प्रसारही कमी होईल. पण एकाच खोलीत झोपणाऱ्या आठांपैकी आजारी कोण पडेल आणि बरा झालेल्यांपैकी कोणाचा हात लुळा पडेल, हे सांगायला मानवी रोगप्रतिकारशास्त्रच लागते.

दादरा-नगर हवेलीत आशेची एक मोठी गोष्टही घडली आहे, आणि तिची मर्यादा माझ्या म्हणण्याच्या बाजूने बोलते. बांगलादेशात कुष्ठरुग्णांच्या संपर्कातल्या २१,७११ लोकांवर एक चाचणी झाली. रिफाम्पिसिनच्या एकाच मात्रेने पहिल्या दोन वर्षांत आजार होण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे प्रत्यक्ष आरोग्यसेवेत जमते का हे पाहण्यासाठी २०१५ पासून आठ देशांत कार्यक्रम राबवला गेला, आणि भारतात त्यासाठी निवडलेली जागा दादरा-नगर हवेली हीच होती. आरोग्यसेवक रुग्णाच्या घरी गेले, घरच्यांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची यादी केली, प्रत्येकाची तपासणी केली आणि गोळी दिली. आठ देश मिळून दीड लाखाहून अधिक लोकांनी ती घेतली. नकार देणारे शंभरात एकही नव्हते. गंभीर दुष्परिणाम एकही नोंदला गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये या पद्धतीची शिफारस केली आणि भारताने ती देशभर स्वीकारली. इथल्या पाड्यांचे आणि चाळींचे हे देशावरचे ऋण आहे, आणि ते पुरेसे कोणी बोलून दाखवत नाही. पण उरलेल्या ४३ टक्क्यांचे काय? त्या बांगलादेशच्या चाचणीत दोन वर्षांनंतर जास्तीचा फायदा दिसला नाही, आणि ज्यांना धोका सगळ्यात मोठा, त्या घरातल्या, रक्ताच्या नात्यातल्या माणसांना गोळीचा लाभ सगळ्यात कमी झाला. तिथेच असेही आढळले, की लहानपणी बीसीजी ही क्षयाची लस टोचलेल्यांना गोळीचा फायदा बराच जास्त होतो. मग सगळ्या संपर्कातल्यांना बीसीजी पुन्हा टोचावी का? तसे केल्यावर काही निरोगी माणसांत पहिल्या बारा आठवड्यांतच कुष्ठरोगाची लक्षणे उघडी पडली. हे सगळे दुवे प्रतिकारयंत्रणेचे आहेत. गोळी वाटण्याची मोहीम कितीही नेटाने चालवली तरी तिच्या मर्यादेचे कारण मोहीम सांगू शकत नाही.

‘हे शास्त्र बाहेर होऊ द्या, आपण निष्कर्ष घेऊ’ असेही सुचवले जाते. ते का चालणार नाही हे समजून घेतले पाहिजे. स्टॅनफर्डच्या मार्क डेव्हिस यांनी २००८ मध्येच आपल्या शास्त्रबंधूंना बजावले होते, की रोगप्रतिकारशास्त्र उंदरावर फार विसंबले आहे आणि माणसाकडे वळले पाहिजे. कुष्ठरोगात तर हे अक्षरशः खरे आहे. हा जिवाणू प्रयोगशाळेतल्या कुठल्याही माध्यमात वाढत नाही, उंदराच्या तळपायात आणि आर्माडिलोत वाढवावा लागतो, आणि माणसातला रिडली-जॉपलिंगचा पूर्ण पट साधा उंदीर दाखवत नाही. शिवाय उंदीर कुठला, यानेही फरक पडतो. २०१६ मध्ये ललित बेउरा आणि सहकाऱ्यांनी निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर बाजारातल्या पाळीव उंदरांसोबत ठेवले, तेव्हा त्यांची प्रतिकारयंत्रणा बदलून प्रौढ माणसासारखी झाली. त्याआधी ती नवजात बाळासारखी होती. माणसाचेही तसेच आहे. २१० जुळ्यांच्या अभ्यासातून २०१५ मध्ये दिसले, की प्रतिकारयंत्रणेच्या मोजलेल्या घटकांपैकी ७७ टक्क्यांवर आनुवंशिकतेपेक्षा बाहेरच्या गोष्टींचा, म्हणजे झालेले संसर्ग, खाणे, परिसर यांचा वरचष्मा असतो. मांदोनीच्या पाड्यावर वाढलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती स्टॉकहोमच्या मुलावरून वाचता येणार नाही. याची किंमत आपण मोजलेली आहे. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना बीसीजीने क्षयापासून ८० टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिले. तीच बीसीजी १९६८ पासून तमिळनाडूच्या चेंगलपट्टूत अडीच लाखांहून अधिक लोकांवर तपासली, तेव्हा प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण मिळालेच नाही. रोटाव्हायरसच्या तोंडी लसी श्रीमंत देशांत तीव्र जुलाब ८५ टक्क्यांच्या वर रोखतात. पुण्याजवळच्या वढूसह भारतात तीन ठिकाणी झालेल्या रोटाव्हॅकच्या चाचणीत हे प्रमाण ५६ टक्के आले. लस चांगलीच आहे, ती राष्ट्रीय कार्यक्रमात आहे आणि मुले वाचवते आहे. पण आपल्या मुलांच्या आतड्यात नेमके काय वेगळे घडते, हे आपल्या मुलांकडूनच शिकावे लागेल. मुंबईला ही रीत परकी नाही. ज्याला जग ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणते तो १९५२ मध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला. रुग्णांना रक्त चढवणाऱ्या इथल्या रुग्णालयात, इथल्या माणसांच्या रक्तात तो सापडला म्हणून मांडता आला.

आता पुरस्कार आणि वय. कुष्ठरोगाचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षण दिसेपर्यंतचा काळ, सरासरी पाच वर्षांचा आणि कधी वीस वर्षांचा असतो. याचा अर्थ सरळ हिशेबाने काढावा. संपर्कातल्या हजार माणसांचे रक्त आज तपासून त्यांतले कोण आजारी पडतात हे पाहायचे, तर उत्तर यायला पंधरा-वीस वर्षे जातील. बत्तिसाव्या वर्षी सुरुवात करणारी संशोधक ते उत्तर पन्नाशीत पाहील आणि त्यावरून चाचणी किंवा लस घडवायला तिच्याकडे दहा-बारा वर्षे उरतील. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करणारा ते निवृत्त होताना पाहील. काम सिद्ध झाल्यावर गौरव करा, हा नियम इथे लावला तर गौरव साठीला होईल. आणि मधल्या पंचवीस वर्षांत त्या कामासाठी नोकरी, पैसा, सहकारी यांतले काहीच न मिळाल्याने ते काम झालेलेच नसेल. चेंगलपट्टूची बीसीजी चाचणी १९६८ ला सुरू झाली आणि तिचा पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आला. इतक्या लांबीच्या कामात तरुण माणूस आत आणणे आणि आत टिकवणे हीच खरी अडचण आहे, आणि पुरस्कार नेमका तिथे उपयोगी पडतो.

कामाचा धागा तुटला की काय होते, हे परळने पाहिले आहे. मराठी समाजाला कुष्ठरोग म्हटले की आनंदवन आठवते, दत्तपूर आठवते, आणि ते योग्यच आहे. परळ मात्र आठवत नाही. तिथल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कमल रणदिवे, बापट आणि व्ही. आर. खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जिवाणू वाढवला. तो कुष्ठरोगाचाच आहे का यावर वाद झाला. पुढे तो वेगळ्या गटातला मानला गेला. पण त्याने जागवलेली प्रतिकारशक्ती कुष्ठरोगाच्या जिवाणूलाही ओळखते, हे हेरून माधव देव यांनी त्यापासून लस तयार केली. तिची, दिल्लीच्या तलवार यांच्या ‘एमडब्ल्यू’ लसीची, बीसीजीची, आणि बीसीजीसोबत मृत कुष्ठ-जिवाणूंची अशी तुलना मोहन गुप्ते आणि सहकाऱ्यांनी १९९१ पासून चेंगलपट्टूच्याच परिसरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांवर केली. १९९८ चे निष्कर्ष असे: एकट्या बीसीजीचे संरक्षण ३४.१ टक्के, एमडब्ल्यूचे २५.७, बीसीजी आणि मृत जिवाणूंचे ६४, आणि परळच्या लसीचे ६५.५ टक्के. मुंबईतल्या मराठी शास्त्रज्ञांनी घडवलेली ही लस सगळ्यांत पुढे होती. राष्ट्रीय कार्यक्रमात ती कधी आली नाही. तोवर एमडीटीमुळे रुग्णसंख्या झपाट्याने घटली होती, निर्मूलनाची घोषणा नजरेच्या टप्प्यात आली होती, आणि लसीचा आग्रह धरणारी पिढी वयाने पुढे गेली होती. त्या ६५.५ टक्क्यांमागची यंत्रणा कोणती, ती किती वर्षे टिकते, रिफाम्पिसिनच्या जोडीला ती दिली तर काय होईल, हे विचारायला मागून येणारी तिशीतली माणसे हवी होती. ती पुरेशी नव्हती, कारण २००५ नंतर कुष्ठरोगात भवितव्य आहे असे कोणत्याही तरुण डॉक्टरला कोणी सांगत नव्हते. चाळीस वर्षांच्या कामाचे इतके नुकसान होऊ देणे ही मला आपल्या वैद्यकाच्या इतिहासातली मोठी चूक वाटते.

तरुणांच्या पुरस्काराविरुद्ध सगळ्यात वजनदार मुद्दा हा, की असे पुरस्कार घाईला उत्तेजन देतात. पस्तिशीच्या आत दिसावे म्हणून माणूस पटकन निघणारे, चकचकीत निबंध काढतो. पंधरा वर्षांचे काम हाती घेत नाही. हे खरे आहे. पण यात दोष वयाच्या अटीचा नाही, निवडीच्या कसोटीचा आहे. निकाल मोजून बक्षीस दिले तर घाई होणारच. प्रश्न कसा विचारला आहे, तो तपासायची रचना किती खणखणीत आहे आणि माणूस त्या जागी राहायला तयार आहे का, यावर बक्षीस दिले तर होणार नाही. आणि तरुणांचे प्रश्न ओळखण्यात ज्येष्ठ चुकतात याचाही दाखला आहे. कोंबडीतला ‘बर्सा’ हा अवयव प्रतिपिंडांसाठी आवश्यक आहे हे ब्रूस ग्लिक यांना पदव्युत्तर विद्यार्थी असताना सापडले. ‘सायन्स’ने तो निबंध नाकारला आणि १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी ज्या बी पेशी शिकतो, त्यांचे नाव त्या बर्सावरून आले आहे. वय आणि अधिकार पाहून मान देण्याची सवय असे काम गिळून टाकते.

आपल्या सरकारने उलटी वाट धरली. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने विज्ञान आणि आरोग्य-संशोधन खात्यांचे बहुसंख्य पुरस्कार बंद करून थोडे, उच्च दर्जाचे ठेवायचे ठरवले. मग राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आले. २०२४ च्या पहिल्या यादीत ३३ नावे होती, त्यांतली १८ पंचेचाळिशीच्या आतल्यांसाठीच्या ‘विज्ञान युवा’ गटातली. पुरस्कारांची खिरापत नको हे मान्य. पण जुन्या भटनागर पुरस्कारासोबत पाच लाख रुपये आणि पासष्टीपर्यंत दरमहा पंधरा हजार रुपये मिळत. नव्या पुरस्कारासोबत सन्मानपत्र आणि पदक मिळते. मान वाढला, पण संशोधकाच्या हातात काही आले नाही. तेरा क्षेत्रांच्या यादीत वैद्यक हे एक क्षेत्र, आणि त्यात मानवी रोगप्रतिकारशास्त्राला, त्यातही दुर्लक्षित आजारांना, वेगळी जागा नाही. छोट्या, विषयाला बांधलेल्या पुरस्कारांची उपयुक्तता इथे होती: एखाद्या ओसाड पडत चाललेल्या विषयाकडे दोन-चार हुशार तरुणांना वळवणे. मायकेलसन पुरस्कारातून हाच धडा घेण्याजोगा आहे. विषय नेमका, वय कमी, आणि रक्कम काम पुढे न्यायला पुरेल इतकी.

पुरस्कार एकाला मिळतो आणि काम पन्नास जण करतात, हा आक्षेप मी थोडक्यात मान्य करतो. दादरा-नगर हवेलीत घरोघर फिरून चट्टे तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांशिवाय रिफाम्पिसिनचा एकही आकडा निघाला नसता. त्यांची नावे पुरस्काराच्या पत्रात यावीत, रकमेतला वाटा त्यांच्यापर्यंत जावा.

त्याहून गंभीर भीती वेगळी आहे: आदिवासींची शरीरे पुन्हा कोणाच्या तरी निबंधाचा कच्चा माल होणार. ही भीती कोणी उगीच धरलेली नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या, संमती धड घेतली गेली नव्हती, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. वारली-कोकणा वस्त्यांनी हा इतिहास विसरावा असे कोणी म्हणू नये. पण शोषण कोणत्या रचनेत होते ते पाहा. दुरून येणारा, रक्त घेऊन जाणारा, निकाल सांगायला कधी न परतणारा संशोधक ते करतो. ज्याला त्याच गावात पंधरा वर्षे त्याच कुटुंबांच्या दारात जायचे आहे, त्याला हे परवडत नाही. त्याला त्यांच्या भाषेत बोलावे लागते, निकाल सांगावा लागतो, एखाद्याने नमुना परत मागितला तर द्यावा लागतो. वस्तीतल्या लोकांना नैतिक समितीत जागा, निष्कर्ष आधी त्यांना, आणि सापडलेल्या प्रत्येक रुग्णाला उपचाराची हमी, या अटी पुरस्काराच्या नियमांतच लिहिल्या पाहिजेत. शोषणाची भीती हे दीर्घ, स्थानिक संशोधनाच्या बाजूचे कारण आहे. संशोधनच नको म्हटले तर या वस्त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांच्या शरीरांवर सिद्ध झालेली औषधे तेवढी येतील.

सिल्व्हासात २०१९ पासून नमो वैद्यकीय महाविद्यालय आहे, विनोबा भावे नागरी रुग्णालय आहे, आणि रिफाम्पिसिन कार्यक्रमाने तयार केलेली संपर्क शोधण्याची घडी आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाने २०२७ पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार शून्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले आहे. ते गाठले गेले तरी आधीच संसर्ग झालेली माणसे पुढची वीस वर्षे आजारी पडत राहतील आणि बरे झालेल्यांना रिअॅक्शन येत राहील. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आणि इथल्या प्रशासनाने मिळून तिशीतल्या दोन-तीन मानवी रोगप्रतिकारशास्त्रज्ञांना या महाविद्यालयात पंधरा वर्षांच्या हमीने आणावे. मसाटच्या चाळींपासून मांदोनीच्या पाड्यांपर्यंत संपर्कातल्या माणसांचा, त्यांच्या संमतीने, पाठपुरावा त्यांच्याकडे सोपवावा. आणि त्यासाठीचा पुरस्कार निकाल आल्यावर न देता सुरुवातीलाच, पैशांसकट द्यावा. ज्यांच्या मतदारसंघात हे बसते त्या लोकप्रतिनिधींकडे मतदारांनी, आणि ज्यांची मुले वैद्यकीय शिक्षण घेत आहेत त्या पालकांनी महाविद्यालयाकडे, ही मागणी याच वर्षी लेखी करावी.